बांधावरची घोरपड: न पाळता सांभाळायची कशी

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, नांगरट करताना घोरपडीचं पिल्लू सापडलंय. वीतभर आहे, अंगावर पिवळे ठिपके. खोक्यात ठेवलंय. खायला काय घालू?"

म्हटलं, "काही घालू नकोस. जिथनं उचललंस तिथंच नेऊन सोड. आत्ताच, ऊन चढायच्या आत. आणि रविवारी मळ्यात ये."

त्याचा आवाज पडला. त्याला ते पिल्लू मनापासून आवडलं होतं आणि त्यात काही गैर नाही. मलाही लहानपणी तेच वाटायचं. येरळेच्या काठी आमचा मळा आहे, पलूस तालुक्यात. बांधाच्या दगडी तालीत घोरपड राहते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला हात लावायचा नाही हेही. रविवारी भाचा आला. दिवसभर त्याला जे दाखवलं आणि सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितो. ज्यांना घोरपड पाळावीशी वाटते आणि ज्यांच्या परड्यात ती आपणहून येते, अशा दोघांनाही ते उपयोगी पडेल.

आधी पाळण्याचा विषय

आपल्याकडची घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. तिला पकडणं, डांबून ठेवणं, विकणं, मारणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. कायद्याच्या भाषेत शिकारीत पकडणंही येतं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं उकरणंही येतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. 'मी मारलं नाही, जीव लावून पाळलं' हे तिथं चालत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी भाच्याला नकोच म्हटलं असतं. घोरपड कमालीची बुजरी असते. खोक्यातलं पिल्लू कोपऱ्यात, फडक्याखाली तोंड खुपसून बसतं. आपल्याला वाटतं, माणसाळलं. खरं तर ते भ्यालेलं असतं. काचेच्या पेटीत ठेवलं तर बाहेर पडायला नाक घासत राहतं, घासून घासून नाकाडाला जखम होते. ऊन काचेतून आत येतं, पण हाडांत कॅल्शियम मुरायला लागणारी अतिनील किरणं काच अडवते. मग नुसतं अंडं आणि खिमा खाऊन वाढणाऱ्या पिलाची हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात. शिवाय या जनावराला रोज उकरायला, चढायला, हुंगायला लागतं. तिचा दिवसभराचा फेरा एका खोलीत बसत नाही.

परदेशी घोरपड चालेल का, असं भाच्यानं विचारलंच. मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या काटेरी शेपटीच्या छोट्या घोरपडीचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. थोडक्यात सांगतो. जगातल्या सगळ्या घोरपडी 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. अशी परदेशी प्रजाती घरात असेल तर २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर तिची नोंद करावी लागते आणि ती कुठून, कशी आली याची कागदपत्रं लागतात. ऑस्ट्रेलिया तर आपले जिवंत वन्यप्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊच देत नाही. त्या घोरपडीला ऊन खायच्या जागी पन्नास अंशांच्या वर तापलेला दगड लागतो, पेटीच्या दुसऱ्या टोकाला गारवा लागतो आणि खोल, ओलसर माती लागते. आपल्याकडे लाईट जाते तेव्हा त्या दिव्यांचं काय करणार? पावती न देता कुणी 'सगळं कायदेशीर आहे' म्हणत असेल तर तिथून सरळ निघून या.

घोरपड आहे की नाही, हे कसं ओळखायचं

ती दिसण्याआधी तिच्या खुणा दिसतात. ओढ्याच्या ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या पाटाशेजारच्या गाळात सकाळी सकाळी पाहा. मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ठसे असतील तर घोरपड. सापाच्या वाटेला नखं नसतात.

बिळाचं तोंड बसक्या कमानीसारखं असतं, उंचीपेक्षा रुंदी जास्त. वापरातलं असेल तर उंबऱ्यावरची माती घासून गुळगुळीत झालेली असते आणि तोंडावर कोळ्याचं जाळं नसतं. विष्ठा काळपट, तिच्या एका टोकाला पांढरा खडूसारखा भाग. काडीनं फोडून पाहिली तर भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे सापडतात. मला ही तपासणी फार आवडते. ती आपल्या रानात काय खाते ते तिथं लिहून ठेवल्यासारखं असतं.

पूर्ण वाढलेली घोरपड पावणेदोन मीटरपर्यंत जाते, त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. आपल्याला दिसतात त्या बहुधा तीन-चार फुटांच्या. पिलं गडद, आडव्या पट्ट्यांची आणि पिवळ्या ठिपक्यांची असतात. वय वाढेल तसे रंग विझत जाऊन मातकट होतात. जीभ सापासारखी दुभंगलेली असते. बिळातून नुसतं डोकं आणि जीभ दिसली की लोक नाग समजून काठी घेतात. त्यामुळं घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट शिकवून ठेवा: डोक्यामागं मान आणि खांदे दिसतात का ते आधी दुरून पाहायचं.

जागा राखून ठेवा

घोरपडीसाठी नवं काही बांधायला लागत नाही. जे आहे ते मोडू नका, एवढंच मोठं काम आहे.

पहिली गोष्ट, बांध. जेसीबी लावून बांध कोरून काढायची, दोन सऱ्या वाढवायची घाई सगळीकडे झाली आहे. जुनी दगडी ताल, तिच्या फटी, घाणेरीचं आणि करवंदीचं झुडूप, हेच तिचं घर. निदान एका बाजूचा बांध चार-पाच फूट रुंद तसाच ठेवा. शेतातले दगड वेचता तेव्हा ते ओढ्यात ढकलण्यापेक्षा बांधाच्या कोपऱ्यावर, उगवतीचं ऊन मिळेल अशा जागी रचा. मोठे दगड खाली, मधे हात जाईल एवढ्या फटी, वर एक सपाट दगड. सकाळी ती त्या सपाट दगडावर ऊन खाईल आणि धोका वाटला की फटीत शिरेल. या दोन्ही गोष्टी एकमेकींजवळ असणं महत्त्वाचं. आडोसा लांब असेल तर ती दगडावर येतच नाही.

दुसरी, वारूळ. घोरपड कधी कधी वारुळात अंडी घालते. तिच्या मीलनाचा आणि अंडी घालायचा काळ साधारण जून ते सप्टेंबर. एका वेळी वीसेक अंडी असतात आणि ती फुटायला साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. म्हणजे पावसाळ्यात घातलेली अंडी थंडीभर आणि उन्हाळ्यातही जमिनीतच असू शकतात. बांधावरचं वारूळ पिकाला आडवं येत नसेल तर कुदळ लावू नका. श्रावणात आपण त्याची पूजा करतो, उरलेले महिनेही त्याला राहू द्या.

तिसरी, पाणी. एक पसरट घमेलं जमिनीत काठापर्यंत पुरायचं आणि आत एका बाजूला खडबडीत दगडांची उतरंड करायची. उतरंड नसेल तर पिलं, सरडे आणि मधमाश्या बुडतात. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. हे घमेलं घरापासून आणि कुत्र्यांच्या वावरापासून लांब हवं.

विहिरीचं वेगळं सांगायला हवं. कठडा नसलेल्या, उभ्या सिमेंटच्या विहिरीत घोरपड पडली तर वर येऊ शकत नाही. ती पोहते चांगली, पाण्याखाली सतरा मिनिटं राहिल्याचीही नोंद आहे, पण कडेला नखं रोवायला काही नसेल तर शेवटी दमून बुडते. जाड सुतळीच्या पोत्यांची लांब पट्टी शिवा, तिच्यात ठिकठिकाणी आडव्या बांबूच्या काड्या घाला आणि वरून पाण्यात दोन हात बुडेल अशी सोडून ठेवा. आमच्या विहिरीत अशी पट्टी आहे. तिच्यावरून मुंगूस वर आलेलं मी स्वतः पाहिलंय.

विष आणि आग

माझ्या मते घोरपडीचा सर्वांत मोठा घात इथं होतो, म्हणून थोडं सविस्तर.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकलं की अर्धमेला उंदीर उघड्यावर येतो आणि घोरपडीला तो आयता मिळतो. ती मेलेलंही खाते. आमिष टाकणं टळत नसेल तर ते उंदराच्या बिळात खोल सरकवा, तोंड मातीनं बुजवा आणि पुढचे काही दिवस सकाळी उठून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. शक्यतो सापळेच वापरा. घुबडांसाठी शेतात उंच मचाण रोवलं तर रात्रीचं काम तीही करतात.

दुसरं हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्यांची अळी. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडांखालची माती घोरपडीनं नखांनी उकरलेली दिसते. उसाच्या मुळाशी हुमणीची अळी असते, तीही ती काढून खाते. एका घोरपडीनं हुमणी आटोक्यात येत नाही, प्रकाश सापळे लावायलाच लागतात. पण त्या दिवसांत कडुलिंब-बाभळींवर कीटकनाशक मारलं तर विष खाल्लेले भुंगेरे खाली पडतात आणि ती तेच वेचते. त्यापेक्षा रात्री आठ-नऊच्या सुमारास फांद्या हलवून भुंगेरे पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. पाच घरांनी मिळून एकाच आठवड्यात केलं तर गुण जास्त येतो.

तिसरं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. ऊस तुटला की काडी लावायची सवय अजून गेलेली नाही. तोडणी हिवाळ्यात चालते आणि थंडीत घोरपड सुस्त असते. गारठलेल्या अंगाला पळता येत नाही. पाचटाखाली दडलेली घोरपड आग लागल्यावर बाहेर पडायच्या आत भाजते. पाचट सरीत दाबून कुजवलं तर जमिनीलाही बरं. तोडणीच्या वेळी टोळीच्या मुकादमाला सांगा, की फडाला मधून हात न घालता एका टोकानं सुरुवात करा आणि बांधाकडं सरकत या. आतल्या जनावरांना बाहेर पडायची वाट राहते.

बघायचं कसं

भाच्याला खरी ओढ बघण्याची होती. त्यामुळं त्याला जे शिकवलं त्यातला बहुतेक वेळ इथंच गेला.

फेब्रुवारी ते मे हे महिने सोपे. झाडी विरळ असते आणि सकाळचं ऊन तिला हवं असतं. आठ ते साडेदहा या वेळात ती बिळाच्या तोंडाशी किंवा दगडावर येते. दुपारी ऊन कडक झालं की आत जाते. डिसेंबर-जानेवारीत उशिरा येते, काही दिवस येतच नाही.

पहिले तीन-चार दिवस बिळाच्या जवळ जाऊच नका. वीस-पंचवीस मीटरवर, वाऱ्याच्या आणि तिच्या वाटेच्या आड येणार नाही अशी जागा ठरवा. झाडाच्या बुंध्याला टेकून बसता आलं तर उत्तम, माणसाचा आकार त्यात मिसळतो. ती बाहेर यायच्या आधी जाऊन बसा. आपण आधीपासून तिथं आहोत आणि ती नंतर आली, तर तिला आपण झाडा-दगडांपैकीच वाटतो. उलट झालं, म्हणजे ती बाहेर असताना आपण चालत गेलो, तर ती तासभर परत येत नाही.

रोज तीच जागा, तीच वेळ. हळू बोलणंही नको. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण असेल तर जवळ जायचा मोहच होत नाही. पहिल्या आठवड्यात बहुधा फक्त डोकं दिसेल. बाहेर येते, जीभ काढून हवा चाखते, आत जाते. कंटाळू नका. भाच्याला पाचव्या दिवशी अख्खी घोरपड दिसली. अंग पसरून, चपटं करून दगडाला चिकटली होती, डोळे मिटत होते. असं अंग पसरलेलं असलं की समजा, ती निवांत आहे. डोकं उंच ताठ, गळा फुगलेला आणि जीभ भराभर आत-बाहेर होत असेल तर आपण जास्त जवळ आहोत. उठू नका, हलू नका, तिला शांत होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पाच मीटर मागं बसा.

तिच्या आणि बिळाच्या मधे कधी उभं राहू नका. पळायची वाट बंद झाली की हीच बुजरी घोरपड फुत्कारते, शेपटीचा फटका मारते आणि चावते.

खायला काही ठेवायचं नाही. अंडं नाही, कोंबडीची आतडी नाही. माणसाकडून खायला मिळतं हे कळलं की ती घराकडे सरकते आणि घराशी कुत्री असतात. फोटो काढा, पण गावाचं आणि वस्तीचं नाव घालून स्टेटसला लावू नका. तिच्या तेलासाठी, मांसासाठी, कातड्यासाठी शोधत फिरणारे आहेत. 'हत्ताजोडी' म्हणून पूजेच्या सामानात विकली जाणारी ती मुळी कसलं मूळ नसून बहुतेक वेळा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देव्हाऱ्यात ठेवायला ती कुणी देऊ केली तर घेऊ नका, घरात सापडली तरी गुन्हाच.

कोंबड्या आणि अंडी

तक्रार खरी आहे, ती नाकारून चालत नाही. घोरपड अंडी आणि लहान पिलं खाते. पण चोर नीट ओळखा. ती दिवसा हिंडते. रात्री कोंबडी गेली तर तिच्यावर आळ घेऊ नका, रानमांजर किंवा कुत्रं बघा. घोरपड अंडं सहसा अख्खं गिळते, मागं टरफल राहत नाही. फोडलेलं, चाटलेलं अंडं असेल तर मुंगसाचा संशय घ्या.

खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. साधी षटकोनी कोंबडीजाळी पिलाला आत येऊ देते आणि मोठी नखांनी फाडते. जाळी जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरून आत येता येत नाही. अंडी सकाळी दहाच्या आत आणि पुन्हा दुपारी उचला. खुडूक कोंबडी डालग्याखाली, वर वजन ठेवून. एवढं केलं की ती दोन-चार वेळा चक्कर मारून नाद सोडते.

घरात शिरली तर

मोरी, गोठा, कडब्याची गंजी, अडगळीची खोली. बहुधा उंदराच्या मागावर किंवा गारव्याला येते. कुत्री आधी बांधा. मुलांना बाहेर काढा. आतली दारं लावून घ्या, बाहेरचं एकच दार सताड उघडा आणि सगळे लांब व्हा. अर्ध्या तासात ती आपणहून जाते. जवळून फार हुसकलं तर कपाटामागं जाऊन बसते, मग दिवस मोडतो.

फटीत शिरली तर शेपटी धरून ओढू नका. ती अंग फुगवते, नखं रोवते आणि अडकून बसते. कोंढाण्यावर १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी 'यशवंती' घोरपड लावून कडा चढला ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो, मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या नावामागंही अशीच किल्ल्याची गोष्ट सांगतात. माणसाचं वजन ती पेलणार नाही, पण नखांची ती पकड मात्र खरी. ओढाओढीत तिची नखं उपटतात, कणा दुखावतो.

ती गेलीच नाही, तर वन खात्याचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयाचा आणि वनरक्षकाचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा, ऐन वेळी सापडत नाही. कुत्र्यानं फाडलेली किंवा गाडीखाली आलेली घोरपड दिसली तरी हाच फोन. तोवर तिच्यावर हवा खेळेल असं खोकं किंवा पाटी उपडी घाला, सावली करा. पाणी तोंडात ओतू नका, हळद लावू नका.

चावली तर घाबरू नका. घोरपडीच्या चाव्यानं माणूस मरतो हा समज चुकीचा. पण दात तीक्ष्ण असतात, जखम खोल जाते आणि तोंडातल्या जंतूंनी चिघळते. वाहत्या पाण्याखाली साबणानं दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

भाच्यानं आता एक वही केली आहे. तारीख, वेळ, ऊन की ढग, ती कुठं दिसली, काय करत होती. जुलैत त्याचा पुन्हा फोन आला. बांधाच्या उतारावर घोरपडीनं सकाळभर माती उकरली, मग ती नाकानं लोटून परत बुजवली आणि निघून गेली, असं तो एका दमात सांगत होता. त्याला म्हटलं, तिथं खूण म्हणून लांबूनच एक काठी रोव, त्या वाटेनं गुरं सोडू नकोस आणि पुढच्या पावसापर्यंत त्या चार हात जागेत नांगर घालू नकोस. त्यानं बैलं बांधायची दावणच दुसऱ्या बाजूला हलवली.